मंत्रालयाच्या वर्षभराच्या कामाचा हिशेब कसा वाचावा: ग्रामीण विकास मंत्रालयाचे उदाहरण

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' नावाची एक कपात असते. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. राज्यात हा कर १९७५ मध्ये आला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांच्या मजुरीची सोय शहरातल्या पगारदारांनी करावी, असा त्यामागचा विचार होता. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून ही योजना उभी राहिली, २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला आणि पुढे २००५ मध्ये देशभराचा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की मंत्रालयाचा वार्षिक अहवाल वाचणे हे फक्त पत्रकारांचे किंवा स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांचे काम आहे असे आपण धरून चाललो आहोत. पण ज्याच्या खिशातून पैसा जातो आणि ज्याच्या हातात तो पोहोचायला हवा, त्या दोघांनीही हा हिशेब वाचायला हवा. एक रविवार पुरतो. उदाहरणासाठी मी केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालय घेतले आहे, कारण गावातल्या माणसाच्या पोटापाण्याशी त्याचा थेट संबंध येतो आणि त्याची माहिती इतर अनेक मंत्रालयांपेक्षा जास्त खुली आहे. हीच पद्धत आरोग्य, शिक्षण, कृषी कुठल्याही खात्याला लावता येते.

पायरी १: संपूर्ण मंत्रालय नको, एक योजना निवडा

या मंत्रालयात दोन विभाग आहेत, ग्रामीण विकास आणि भूसंसाधन. पहिल्या विभागाकडे रोजगार हमी, प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण), ग्राम सडक योजना, बचत गटांचे राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियान (आपल्याकडे 'उमेद') आणि वृद्ध, विधवा, दिव्यांग यांच्या निवृत्तिवेतनाचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम अशी मोठी कामे आहेत. सगळे एकदम वाचायला घेतले तर तिसऱ्या प्रकरणात कंटाळा येतो. तुमच्या घरात, गावात किंवा कामाच्या ठिकाणी ज्या योजनेची माणसे प्रत्यक्ष ओळखीची आहेत, ती निवडा. आकड्यामागचा चेहरा माहीत असला की चुकीचा आकडा लगेच खटकतो.

मी इथे मुख्यतः रोजगार हमी घेतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे आणि बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार आहे. म्हणजे यापुढे केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत राज्याचा अर्थसंकल्पही उघडावा लागेल. वाचायची रीत मात्र तीच राहते, आणि ती शिकायला जुन्या, पूर्ण झालेल्या वर्षांचे आकडे जास्त उपयोगी पडतात.

पायरी २: चार कागद जमवा

पहिला, मंत्रालयाचा वार्षिक अहवाल. दुसरा, अर्थसंकल्पातल्या त्या विभागाच्या 'अनुदानाच्या मागण्या', म्हणजे विभागाने संसदेकडे मागितलेल्या रकमांचा तपशील. तिसरा, ग्रामीण विकास व पंचायती राज विषयाच्या संसदीय स्थायी समितीचा अहवाल. चौथा, सरकारी खर्च तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा म्हणजे 'कॅग'चा अहवाल, त्या योजनेवर निघाला असेल तर. चारही संकेतस्थळांवर फुकट मिळतात.

वार्षिक अहवाल उघडताना दोन गोष्टी पेन्सिलीने लिहून ठेवा. एक, आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत? अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी अहवाल छापायचा असतो, त्यामुळे चालू वर्षाचे आकडे बरेचदा डिसेंबरपर्यंतचेच असतात. नऊ महिन्यांचे काम गेल्या वर्षीच्या बारा महिन्यांशी ताडले तर घट दिसणारच. दोन, आकडा या वर्षाचा आहे की योजना सुरू झाल्यापासूनचा? डिसेंबरअखेर जे 'वर्षभराचा आढावा' म्हणून प्रसिद्धिपत्रक निघते, त्यात 'आतापर्यंत इतके कोटी' अशी बेरीज पुष्कळ असते. ती बेरीज दर वर्षी वाढतेच. काम थांबले तरी ती खाली येत नाही. गेल्या वर्षीच्या अहवालातली बेरीज वजा करा, मग या वर्षाचे काम हाती लागते.

पायरी ३: एका रकमेचे तीन आकडे वेगळे ठेवा

अर्थसंकल्पी अंदाज म्हणजे फेब्रुवारीत जाहीर झालेली रक्कम. सुधारित अंदाज म्हणजे वर्ष सरत आल्यावर बदललेली रक्कम. प्रत्यक्ष खर्च हा तिसरा आकडा, आणि तो वर्ष संपल्यानंतरच्या पुढच्या अर्थसंकल्पात छापला जातो. म्हणून २०२०-२१ चा पूर्ण हिशेब हवा असेल तर फेब्रुवारी २०२२ मध्ये मांडलेला अर्थसंकल्प उघडावा लागतो. इथेच बहुतेक वाचक हात टेकतात, कारण बातमी तर फेब्रुवारी २०२० मध्येच येऊन गेलेली असते.

रोजगार हमीसाठी २०२०-२१ मध्ये सुरुवातीला ६१,५०० कोटी रुपये ठेवले होते. टाळेबंदी झाली, लोक पायी गावाकडे परतले, मे महिन्यात आणखी ४०,००० कोटी जाहीर झाले आणि सुधारित अंदाज १,११,५०० कोटींवर गेला. प्रत्यक्ष खर्चही त्याच्या जवळपास झाला. पुढच्या वर्षासाठी, २०२१-२२ साठी, तरतूद होती ७३,००० कोटी.

आता ही तरतूद वाढली की घटली? आधीच्या अर्थसंकल्पी अंदाजाशी ताडले तर जवळजवळ १९ टक्के वाढ. सुधारित अंदाजाशी ताडले तर जवळजवळ ३५ टक्के घट. दोन्ही मथळे खरे आहेत आणि दोन्ही छापता येतात. माझ्या मते तुलना नेहमी गेल्या वर्षी खरोखर लागलेल्या पैशाशी करावी, कारण मजुरांची गरज त्या पैशाने दाखवलेली असते. २०२१-२२ मध्ये पुढे तसेच झाले, सुधारित अंदाज ९८,००० कोटींवर न्यावा लागला.

एक गोष्ट आणखी. मार्चमध्ये केलेल्या कामाची मजुरी आणि साहित्याची बिले थकली, तर ती नव्या वर्षाच्या पैशातून भागवली जातात. म्हणून 'मागील देणी' किती, हे पाहिल्याशिवाय नव्या तरतुदीवर मत बनवू नका. तरतूद मोठी दिसते, पण तिचा एक भाग आधीच झालेल्या कामाचा असतो.

पायरी ४: भागाकार करा

कोटींचे आकडे डोळ्यांना भारावून टाकतात. त्यांना माणसांनी भागले की ते जमिनीवर येतात.

२०२०-२१ मध्ये सुमारे ७.५५ कोटी कुटुंबांनी कामे केली आणि ३८९ कोटी मनुष्यदिवस (एका माणसाचे एक दिवसाचे काम म्हणजे एक मनुष्यदिवस) भरले. भागाकार केला तर कुटुंबामागे ५१-५२ दिवस. कायद्याची हमी होती १०० दिवसांची. पूर्ण १०० दिवस मिळालेली कुटुंबे होती सुमारे ७२ लाख, म्हणजे दहातले एकसुद्धा पूर्ण नाही. त्याआधीच्या २०१९-२० मध्ये २६५ कोटी मनुष्यदिवस आणि ५.४८ कोटी कुटुंबे होती, म्हणजे ४८ दिवस. टाळेबंदीच्या वर्षी कामाचा डोंगर उभा राहिला, पण एका घराच्या वाट्याला सरासरीने तीनच दिवस जास्त आले. नवी घरे रांगेत आली, म्हणून बेरीज फुगली.

शिवाय मनुष्यदिवस वाढले म्हणजे मंत्रालयाचे वर्ष चांगले गेले, असे लगेच म्हणू नका. ही मागणीवर चालणारी योजना आहे. लोक तिच्याकडे वळतात तेव्हा दुसरीकडे काम नसते. उलट मनुष्यदिवस घटले तर दोन शक्यता असतात. शेतात आणि शहरात चांगली मजुरी मिळते म्हणून लोक आले नाहीत, किंवा पैसे वेळेवर मिळत नाहीत म्हणून कंटाळून थांबले. कोणती शक्यता खरी, हे त्या वर्षीचा पाऊस, भागातली शेतमजुरी आणि थकलेली देणी शेजारी ठेवल्यावरच कळते.

देशाच्या सरासरीत एखादे अख्खे राज्य बुडून जाते, हेही ध्यानात ठेवा. मार्च २०२२ मध्ये केंद्राने गैरप्रकारांचे कारण देऊन पश्चिम बंगालचा निधी थांबवला. त्यानंतरच्या वर्षांत देशाचा आकडा वाचताना तिथल्या मजुरांचे काम त्यात जवळजवळ नाही, हे माहीत नसेल तर निष्कर्ष चुकतो.

पायरी ५: मोजणी कुठे थांबते ते शोधा

माझ्यासाठी ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तुमचा अर्धा वेळ इथे जाऊ द्या.

प्रत्येक सरकारी आकड्यामागे एक रेघ असते. त्या रेघेपर्यंत मोजले जाते, पुढे मोजले जात नाही. रोजगार हमीचे उदाहरण घ्या. कायद्यानुसार मजुरी १५ दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या मजुरीच्या ०.०५ टक्के दराने रोज भरपाई. अहवालात 'वेळेत मजुरीचे प्रमाण' ९० टक्क्यांच्या पुढे वाचायला मिळते आणि गावात विचाराल तर बाई सांगते, अजून पैसे पडले नाहीत. दोघेही आपापल्या जागी खरे असू शकतात. कारण पैशाचा प्रवास दोन टप्प्यांचा आहे. मस्टर म्हणजे हजेरीपट बंद झाला, मोजमाप झाले, तालुक्याहून 'एफटीओ' म्हणजे पैसे वळते करण्याचा आदेश निघाला, हा पहिला टप्पा. तो आदेश दिल्लीकडून मंजूर होऊन रक्कम मजुराच्या खात्यात पडली, हा दुसरा. वेळेचे प्रमाण आणि भरपाई मोजली जात होती ती पहिल्या टप्प्यापर्यंतच. दुसऱ्या टप्प्यातला उशीर कुठेच धरला जात नव्हता. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितले, की मजुरीच्या उशिराची जबाबदारी केंद्राला झटकता येणार नाही.

भरपाईचाही हिशेब करून पाहा. महाराष्ट्रात २०२४-२५ चा मजुरीचा दर होता दिवसाला २९७ रुपये. सहा दिवसांच्या आठवड्याचे १,७८२ रुपये थकले, तर दिवसाला भरपाई होते ८९ पैसे. पंधरा दिवस उशीर झाला तर तेरा रुपये. किराणा उधारीवर आणणाऱ्या घराला तेरा रुपयांनी काय होणार, हे ज्याने कधी उधारीची वही पाहिली आहे त्याला सांगायला नको.

'कामाची मागणी केलेल्यांपैकी इतक्या टक्क्यांना काम दिले' या आकड्याचीही अशीच एक रेघ आहे. मागणी नोंदवली गेली, तरच ती मोजली जाते. तोंडी सांगून परत पाठवलेला मजूर या टक्केवारीत येतच नाही. अर्जाची तारीख असलेली पोच हातात असेल आणि १५ दिवसांत काम मिळाले नाही, तर जुन्या कायद्यात बेरोजगार भत्त्याचा हक्क होता, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश. पोच नसेल तर मागणीच नाही. म्हणून तो पोचेचा कागद इतका मोलाचा.

घरकुलात ही रेघ 'मंजूर', 'पहिला हप्ता', 'पूर्ण' अशा शब्दांत लपलेली असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे दिल्याचे जाहीर झाले. मंजुरीपत्र हा घराचा पहिला कागद. जागा नावावर नसणे, वाळू न मिळणे, हप्ता अडकणे, हे सगळे त्याच्या पुढे असते. म्हणून 'मंजूर' आणि 'पूर्ण' यांतले अंतर दर वर्षी किती कमी झाले ते मोजा. बचत गटांत रेघ 'गट स्थापन झाला' इथे असते. देशभरात १० कोटींहून अधिक महिला ९० लाखांहून अधिक गटांत आहेत, हे मोठे काम आहेच, पण त्यातून घराचे उत्पन्न किती वाढले हे वेगळे विचारावे लागते. रस्त्यांबाबत विचारा, की बांधल्यानंतरच्या पाच वर्षांची देखभाल झाली का? ती करारातच ठेकेदारावर असते.

पायरी ६: महागाई वजा करा

या पायरीला एकच उदाहरण पुरे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाच्या व्यक्तीला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. २००७ मध्ये तो २०० होता आणि अजून २००च आहे. ८० वर्षांवरील व्यक्तीला ५०० मिळतात. या काळात किमती ढोबळमानाने तिप्पट झाल्या, म्हणजे आजच्या २०० रुपयांत तेव्हाच्या ६५-७० रुपयांइतकेच सामान येते. अहवालात लिहिलेले असते, 'निधीचा पूर्ण वापर झाला'. ते बरोबर असते. पण वापर पूर्ण होऊनही म्हातारीच्या पिशवीत दर वर्षी थोडे कमी सामान येत गेले, हे त्या वाक्यातून कळत नाही. महाराष्ट्रात श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांत २०२३ मध्ये रक्कम १,००० वरून १,५०० केली, ती राज्याच्या पैशाने. केंद्राची २०० ची रक्कम त्यात तशीच आहे. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो आणि तो लपवावा असे वाटत नाही.

घरकुलाचेही पाहा. सपाट भागात १,२०,००० रुपये ही केंद्राच्या योजनेतली मदत २०१६ मध्ये ठरली. तेव्हाचा सिमेंट-लोखंडाचा भाव आणि आजचा भाव गावच्या दुकानदाराला विचारा, सोबत गवंड्याची हजेरीही.

मजुरीच्या दराला निदान शेतमजुरांच्या किंमत निर्देशांकाशी जोडलेले आहे. महाराष्ट्रात तो २०२३-२४ मध्ये २७३, मग २९७, आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये झाला. शेजारच्या गोव्यात २०२४-२५ मध्येच तो ३५६ होता. सिंधुदुर्गातल्या मजुराला ही तुलना कोणी समजावून द्यावी लागत नाही.

पायरी ७: दुसऱ्या डोळ्यांनी पाहा

मंत्रालय स्वतःबद्दल लिहिते, तेव्हा ते आपली बाजू मांडणार, यात वावगे काही नाही. म्हणून स्थायी समितीचा अहवाल वाचा. त्यात समितीचे प्रश्न, मंत्रालयाची उत्तरे आणि समितीचे मत असे क्रमाने येते. वेळ नसेल तर शेवटच्या शिफारशी वाचा, आणि त्यानंतर निघणारा 'केलेल्या कार्यवाहीचा' अहवाल शोधा. एकच शिफारस तीन-चार वर्षे येत राहिली, तर दुखणे कुठे आहे ते कळते.

कॅगचे अहवाल जुने झाले तरी वाचावेत. रोजगार हमीवरचा २०१३ चा अहवाल क्रमांक ६ काढून बघा. बिहार, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत देशातले ४६ टक्के ग्रामीण गरीब राहत होते आणि योजनेच्या निधीपैकी सुमारे २० टक्केच या तीन राज्यांत आला होता. ज्या राज्यातून ही योजना देशाला मिळाली, त्याचे नाव या यादीत वाचताना मला वाईट वाटले होते. तेव्हापासून राज्यनिहाय तक्ता पाहिल्याशिवाय मी देशाचा आकडा वाचत नाही.

पायरी ८: लोकांच्या परिस्थितीशी जोडा, पण जपून

खर्च आणि कामे मोजून झाली की खरा प्रश्न येतो: माणसे आधीपेक्षा बरी जगतात का? त्यासाठी मंत्रालयाच्या बाहेरचे सर्वेक्षण घ्या. घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात ग्रामीण माणसाचा सरासरी मासिक खर्च २०२२-२३ मध्ये ३,७७३ रुपये होता, २०२३-२४ मध्ये ४,१२२. वाढ दिसते सव्वानऊ टक्के, त्यातून महागाई काढली की ती निम्म्याहूनही कमी उरते. श्रमबल सर्वेक्षणात ग्रामीण स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८ मधील सुमारे २५ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४७ टक्क्यांच्या पुढे गेला. पण त्यात घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत. सहभाग आणि कमाई हे दोन रकाने वेगळे ठेवा.

आणि या बदलाचे श्रेय किंवा दोष एकट्या मंत्रालयाच्या माथी मारू नका. पाऊस, सोयाबीन-कापसाचा भाव, मुंबई-पुण्याहून येणारे पैसे, राज्याच्या योजना, सगळे त्यात मिसळलेले असते. फरक वेगळा काढायची एक चांगली युक्ती मात्र आहे. रोजगार हमी २००६ मध्ये आधी २०० जिल्ह्यांत आली आणि १ एप्रिल २००८ पासून सर्वत्र. आधीचे आणि नंतरचे जिल्हे ताडून अभ्यासकांनी पाहिले, की कोरड्या हंगामात खासगी मजुरीचे दरही वर गेले. म्हणजे जो योजनेच्या कामावर गेला नाही, त्यालाही दोन पैसे जास्त मागता आले. तुम्हीही तालुक्यातली दोन सारखी गावे निवडून, जिथे शेततळी-विहिरी झाल्या आणि जिथे झाल्या नाहीत, रब्बीचा पेरा किती वाढला ते विचारू शकता.

पायरी ९: शेवटी आपल्या गावाचे पान उघडा

रोजगार हमीच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असे खाली उतरत जा. जॉबकार्डची यादी, मस्टर, कोणते काम, किती दिवस, किती रक्कम, सगळे दिसते. पाच ओळखीची कार्डे निवडा. नोंदलेले दिवस आणि माणसाने सांगितलेले दिवस शेजारी लिहा. नोंदीतली रक्कम आणि बँक पासबुकातली तारीख शेजारी लिहा. सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावकऱ्यांसमोर झालेली कामांची आणि खर्चाची तपासणी, झाले असेल तर त्याचा अहवाल ग्रामसभेत वाचून घ्या.

काही सापडत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात 'जोडपत्र अ' हा अर्जाचा नमुना, दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. 'योजना नीट का चालत नाही' असे विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: 'अमुक आर्थिक वर्षात आमच्या ग्रामपंचायतीत आलेल्या काम-मागणी अर्जांच्या नोंदवहीची प्रत', 'मस्टर बंद झाल्याची तारीख आणि मजुरी खात्यात जमा झाल्याची तारीख दाखवणारा तक्ता'. उत्तरासाठी ३० दिवस असतात.

ती दोन तारखांची पाने हातात आली, की ती वार्षिक अहवालातल्या 'वेळेत मजुरी'च्या टक्केवारीशेजारी ठेवा आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज सभेच्या आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या. त्याचीही पोच घ्या.